विश्वासूच्या खाली

"हा चहा पितो का?"

"नाही हो बाई, मशीन आहे ते."

"रजा मागतो?"

"रजाही नाही."

"घरी आजारी सासू?"

"काहीच नाही. दिवसरात्र काम. परफेक्ट!"

"मग हा आपल्या ऑफिसातला वाटत नाही," आवकबाई म्हणाली आणि हातातल्या अर्जावर गोल शिक्का असा हाणला, की काउंटरवरचा संगणकाचा नवाकोरा पडदा थरथरला.

कंपनीची पोरगी दचकली. सकाळीच ती एक पडदा, एक स्कॅनर आणि वायरींचा गुंता घेऊन पालिकेत आली होती. दर दोन वाक्यांनी 'परफेक्ट' म्हणायची, त्यामुळे दुपारपर्यंत तिचं नावच परफेक्ट पडलं. शिपाईमामा तर तिला तोंडावरही तसंच म्हणायला लागला आणि तिला ते कौतुक वाटलं.

"बोला ना त्याच्याशी," परफेक्ट म्हणाली.

"काय बोलू? ओळख ना पाळख."

पोरीने बटण दाबलं. आतून गुळगुळीत आवाज आला. "नमस्कार. मी आपला सहायक. मी आपली काय मदत करू?"

आवकबाईने चष्मा कपाळावर चढवला. "आपला म्हणतोय. मला आपली आपली म्हणत जो जो दारात आला, तो जाताना काहीतरी घेऊनच गेला."

"मला समजलं," सहायक म्हणाला.

हे तिला सगळ्यात पहिलं खटकलं. आपण काय बोललो ते आपल्यालाच धड उमगलं नव्हतं, तर याला कसं समजलं?

आवकबाईचं खरं नाव पगारपत्रकात आहे, बाकी कुठे नाही. बाहेरून पालिकेत येणारा प्रत्येक कागद म्हणजे आवक, आणि तो पहिल्यांदा हिच्या हातात पडतो, म्हणून ती आवकबाई. कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, वहीत नंबर टाकायचा आणि पाणी, दिवे, रस्ते, गटारं, ज्या खात्याचं दुखणं असेल तिकडे धाडायचा. एकोणीस वर्षं हेच. त्याआधी त्या खुर्चीवर तिचा नवरा बसायचा. तो एका सकाळी दाढी करताना गेला, अर्धी दाढी तशीच राहिली, आणि पालिकेने नियमाप्रमाणे बायकोला त्याच्या जागी घेतलं. खुर्ची मिळाली ती नवऱ्याच्या बुडाने पाडलेल्या खड्ड्यासकट. तिने त्यावर उशी घातली नाही. म्हणाली, काही दिवसांनी आपलाही पडेल.

सकाळी आल्यावर तिचं पहिलं काम ठरलेलं. शिक्क्याच्या पोटात तारखेची रबरी चाकं आहेत. टाचणीच्या टोकाने चाक एक घर पुढे सरकवायचं, रद्दी कागदावर एकदा उमटवून बघायचं, मगच खिडकी उघडायची. चाक न फिरवता तिने आजवर एकही शिक्का मारलेला नाही. कालच्या तारखेचा कागद म्हणजे खोटा कागद, असं तिचं म्हणणं.

दुसरी सवय जरा निराळी. ती अर्ज खालून वाचायची.

त्याला कारण फाटकाबाहेर बसलेलं होतं. फाटकाच्या उजव्या हाताला, भिंतीच्या सावलीत, एक टेबल आणि त्यामागे अर्जबुवा. ज्यांना लिहिता येत नाही आणि ज्यांना लिहिता येतं पण सरकारी कागद बघून हात कापतो, अशा सगळ्यांचे अर्ज तोच लिहायचा. माणूस अक्षराचा राजा आणि कामाचा आळशी. चाळीस वर्षांत त्याने अर्जाचा मजकूर बदललेला नाही. तुम्ही काहीही सांगा, कागदावर यायचं तेच: 'महोदय, आमच्या भागातील दिवे, गटारे व रस्ते यांची दुरवस्था झाली असून नागरिकांची गैरसोय होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती. आपला विश्वासू.' त्याखाली सही नाहीतर अंगठा. मग तो पेन थांबवायचा, मान वर करायचा आणि विचारायचा, "आता बोला. काय राहिलं?"

मग माणूस बोलायचा. आणि जे बोलेल ते अर्जबुवा जसंच्या तसं, त्या माणसाच्या तोंडच्या शब्दांत, विश्वासूच्या खाली लिहायचा. ता.क. म्हणून.

म्हणजे अर्ज असायचा तो ता.क.मध्येच. वरचं सगळं नुसतं टोपण.

हे आवकबाईला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं, आणि वाईट रीतीने कळलं. एक अर्ज तिने वरून वाचून दिवे खात्याकडे धाडला. खाली लिहिलं होतं की बाजारातल्या संडासाची कडी बाहेरून आपोआप पडते. चार दिवसांनी एक भाजीवाली त्यात सकाळपासून दुपारपर्यंत अडकली. बाहेर काढल्यावर ती थेट काउंटरवर आली आणि आवकबाईला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून बाई कागद हातात घेते तो खालून. ता.क. वाचायचा, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खात्याचं नाव लिहायचं, की झालं. खातीही वरचं वाचत नाहीत, पेन्सिल बघतात.

असं ते दोघांचं मिळून चाललं होतं. आणि गंमत अशी की दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण अर्जबुवा म्हणजे तिचा थोरला दीर. भांडण एका लोखंडी कपाटाचं. नवऱ्याचं कपाट हिच्या घरात, कुलूप लावलेलं. किल्ली थोरल्याने दाबून ठेवली असा हिचा ठाम विश्वास. कुलूप तोडा म्हणून कुणी सुचवलं तर ती म्हणायची, "तोडलं तर मी हरले. त्यानेच आणून द्यायला पाहिजे." तो म्हणायचा, माझ्याकडे नाही. मग बोलणंच खुंटलं. पण त्याचं अक्षर रोज दोन-तीन वेळा तिच्या हाताखालून जायचं. त्याला सर्दी झाली की तिला अक्षरावरून कळायचं.

आता या दोघांच्या मध्ये तिसरा आला होता.

"येऊन बसलाय बघा," डबा खाताना तिने शिपाईमामाला सांगितलं. "माझ्या डोक्यावरचा पंखा फिरवून त्याच्याकडे केलाय. धूळ लागू द्यायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही, रुसला तर कंपनीला फोन. जावईच की हा."

तेव्हापासून सहायकाचं नाव जावईबापू. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते हसले नाहीत.

साहेब नवे. बदली होऊन चार महिने झालेले. गाडीने मागच्या फाटकातून आत यायचे आणि मागच्याच फाटकातून जायचे. त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "महिनाभर चाचणी. कागद आला की शिक्का मारा आणि स्कॅनरमध्ये घाला. सहायक वाचेल, तीन ओळींत सार काढेल, खातं ठरवेल. पाल्हाळ नको मला. आणि बाई, कागदावर पेन्सिल बंद. तो गोंधळतो."

"मी काय करायचं मग?"

"तुम्ही लक्ष ठेवायचं. महिनाअखेरीस अहवालावर तुमची सही लागेल. 'सहायकाचे काम तपासले, योग्य आहे.' मग तुम्ही मोकळ्या. खाली रेकॉर्ड रूममध्ये शांत काम आहे."

मोकळं करणं हा शब्द तिने जनावराच्या बाबतीत ऐकला होता.

लक्ष मात्र तिने डोळ्यांत तेल घालून ठेवलं. पहिल्या दिवशी कागद उलटा घातला. जावईबापूने वाचला. चुरगळलेला, चहाचा डाग पडलेला घातला. वाचला. किराण्याची यादी घातली, तर म्हणाला, 'हा अर्ज दिसत नाही. कृपया तपासावे.' दुसऱ्या आठवड्यात तिने एका घरून लिहून आणलेल्या पाण्याच्या अर्जावर मुद्दाम 'रस्ते' असं अंधूक खरडलं. त्याने ते सोडून पाणी खात्याला बरोबर पाठवला. हरेक वेळी ती पडद्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, याची खोट वर दिसत नाही, म्हणजे आत आहे. संध्याकाळी निघताना त्याच्यावर जुनी ओढणी टाकायची.

"धुळीसाठी का बाई?" परफेक्टने विचारलं.

"नाही. बघत बसतो."

आता हे सांगायला हवं. संशय होता, तरी तिसऱ्या आठवड्यात आवकबाईने अर्ज वाचणं सोडलं. ठरवून नाही. हात शिक्का मारायचा, कागद पुढे सरकायचा, पडद्यावर सार उमटायचं, रांग पुढची. पेन्सिल नाही तर वाचायचं कशासाठी? माणूस असाच सुस्तावतो.

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी पडद्यावर लाल चौकट आली. सोबत सहायकाचा शेरा. 'एकाच हस्ताक्षरातील ४१ अर्ज. मजकूर ९८ टक्के समान. अर्जदारांची नावे वेगवेगळी. बनावट असण्याची दाट शक्यता. शिफारस: सर्व फेटाळावेत.'

साहेबांनी तिला आत बोलावलं. चेहरा लग्न ठरल्यासारखा. "बघितलंत? महिन्याच्या आत टोळी पकडली त्याने. तुम्ही एकोणीस वर्षं काय करत होता?"

"टोळी नाही साहेब. फाटकावर अर्ज लिहून देणारा आहे, त्याचं अक्षर आहे ते. माणसं खरी आहेत. कितीतरी जणांनी माझ्यासमोर अंगठा केलाय."

"कोणतं फाटक?"

"पुढचं. तुम्ही मागून येता."

साहेबांनी खिडकीतून वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तो? हा माणूस सगळ्यांना एकच मजकूर लिहून देतो? म्हणजे लोकांना गोळा करतो, तक्रारी करायला लावतो आणि ऑफिसचा वेळ खातो. टोळी नाही तर काय हे?" मग जरा थांबून, "कुणीतरी सांगत होतं, तुमचे कोणीतरी लागतात."

"दीर."

"हं," साहेब म्हणाले. त्या एका 'हं'मध्ये अख्खी चौकशी होती. "शुक्रवारी अहवालावर सही करा. मग हे एक्केचाळीस फेटाळायचे आणि फाटकावर पुन्हा कोणी बसणार नाही. आणि बाई, आता तुम्ही त्यांच्या बाजूने बोलला तर मी त्याला घरचं प्रकरण समजेन."

म्हणजे तोंडही बांधलं.

ती खाली आली तेव्हा शिपाईमामा टेबलाचं एक टोक धरून उभा होता. दुसरं टोक अर्जबुवाच्या हातात. म्हातारा ताठ. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, कानावर पेन. फाटकाशी दोन-तीन माणसं हातात कोरे कागद घेऊन नुसती बघत होती.

अर्जबुवाने आवकबाईकडे पाहिलं नाही. शिपायाला म्हणाला, "तिला सांग, डावा पाय ढिला आहे. आत ठेवताना जपून."

"त्यांना सांगा, टेबल मी उचलायला लावलेलं नाही."

"तिला सांग, मी म्हटलं का तसं?"

"त्यांना सांगा, म्हटलं नाही तरी मान सांगते."

"अहो," शिपाईमामा घामाघूम होऊन म्हणाला, "मी टेबल धरू की निरोप?"

टेबल आत गेलं. अर्जबुवाने कानावरचं पेन काढून खिशाला लावलं. जाता जाता वळला, तरी नजर शिपायावरच. "तिला विचार, तिचा तो जावई शेवटची ओळ वाचतो का?"

हे आवकबाईला ठाऊक नव्हतं. महिनाभर पहारा केला आणि नेमकं हेच बघितलं नाही.

संध्याकाळी घरी सासू दारातच बसलेली. बातमी तिच्याआधी पोचली होती.

"थोरल्याचं टेबल कुणी उचललं गं?"

"मशीनने."

"मशीनला हात असतात?"

"नाहीत. म्हणून आमचे वापरतं."

"तू बोल की त्याच्याशी एकदा. असा किती दिवस..."

"किल्ली देऊ दे आई. बोलते."

सासूचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला, तिथे थबकला, आणि मग तिने उगाच खाजवल्यासारखं केलं. "डास झालेत फार," म्हणाली.

गुरुवारी खिडकी उघडण्याआधी आवकबाईने एक कोरा कागद घेतला आणि अर्जबुवाचा मजकूर स्वतःच्या अक्षरात लिहून काढला. दिवे, गटारे, रस्ते, नम्र विनंती, आपली विश्वासू. खाली लिहिलं: 'ता.क. हे वाचणारा गाढव आहे.' चाक फिरवून तारखेचा शिक्का मारला आणि कागद स्कॅनरमध्ये सोडला.

पडद्यावर आलं: 'विषय, नागरी सुविधा. मागणी, दिवे, गटारे व रस्ते यांची दुरुस्ती. सूर, नम्र.'

"नम्र," शिपाईमामा मागून वाचत म्हणाला.

"गाढव म्हटलं तरी कान हलवत नाही. त्याने ते पाहिलंच नाही." तिने परफेक्टला हाक मारली. "ए पोरी, हा कागदाच्या कुठपर्यंत वाचतो?"

परफेक्टने दोन-चार बटणं दाबली. "पूर्ण वाचतो. फक्त 'विश्वासू' आलं की पुढचं सोडतो. पुढे नुसतं सही, पत्ता, आभार असतात ना. साहेबच म्हणाले होते, पाल्हाळ गाळा."

"कुणी विचारलं मला?"

"तुम्ही... म्हणजे तुम्ही रेकॉर्डला जाणार असं सांगितलं होतं."

आवकबाईने काउंटरमागचं कपाट उघडून एक्केचाळीस अर्जांचा गठ्ठा काढला आणि रांग तशीच उभी ठेवून खाली बसली. खालून वाचायला लागली. पाचवा, सहावा. नवव्या अर्जाला थांबली. परत वाचला. मग वर शिक्का बघितला. तिचा स्वतःचा शिक्का, दहा दिवसांपूर्वीचा, सरळ, स्वच्छ, एकही अक्षर न फुटलेला. हा कागद तिच्या हातून गेला होता आणि तिने तो वाचला नव्हता.

ती उठली ती थेट साहेबांच्या दारात, मागोमाग परफेक्ट.

"उद्या, बाई. आत्ता बैठक..."

तिने दारातूनच वाचलं. "ता.क. शाळेमागची उंच भिंत पोटातून फुगली आहे. बोटाने दाबली तर माती निघते. मी गवंडी आहे, मला कळतं. पोरं तिला टेकून डबा खातात."

साहेबांचा हात फोनवर होता, तो तिथेच राहिला.

"हा बनावटपैकी एक," आवकबाई म्हणाली. "नववा."

साहेबांनी फोन उचलला तो अभियंत्याला केला. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण साहेब ओरडले, "आत्ता म्हणजे आत्ता! आधी पोरं हलवा, मग मोजमाप घ्या." फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला. "बाकीचे?"

"घरचं प्रकरण समजाल."

"वाचा हो."

तिने वाचले. उभ्यानेच, शिक्का मारते त्या चालीत. "ता.क. दिवा आहे, लागतो. गटारावरची फरशी गेलीये. आमचे हे दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडले तर मी काढणार नाही, पालिकेने काढावं. ता.क. नळाला पाणी येतं ते आवाजावरून कळतं आणि मला ऐकू येत नाही, तरी वेळ ठरवून द्यावी. ता.क. मागच्या अर्जाला उत्तर आलं की आपली तक्रार दूर झाली आहे. किती दूर गेली ते कळवावं, जाऊन बघून येतो."

परफेक्टला हसू आवरेना. साहेबांनी तिच्याकडे पाहिल्यावर तिने ते गिळलं.

"ता.क. साहेबांच्या मागच्या फाटकाशी तीन दिवे आहेत. तिथून एक गाडी जाते. गाडीला स्वतःचे दिवे असतात."

हा अर्ज वाचून ती थांबली. हा वगळला असता तरी चाललं असतं, पण तिने वगळला नाही.

"पुरे," साहेब म्हणाले. मग परफेक्टला, "दुरुस्त व्हायला किती वेळ?"

"अर्धा तास सर. खालचं वाचायला सांगायचं, आणि अर्ज लिहून देणाऱ्यांचं अक्षर संशयित धरू नको म्हणायचं. परफेक्ट होईल."

आणि झालं. दुपारी गाढवाचा कागद परत घातला तर जावईबापू म्हणाला, 'मागणी, नागरी सुविधा. तळटीप, वाचकाबद्दल अपशब्द. आपली नाराजी मला समजते.' शिपाईमामाने टाळी वाजवली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस अर्ज नीट आपापल्या खात्यात गेले, अर्ध्या तासात. आवकबाईला तेवढ्याला दोन दिवस लागले असते. तिने ते कबूल केलं.

पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. उलट दुसरी पडली. अर्ध्या तासात हा सुधारला, म्हणजे अर्ध्या तासात बिघडवताही येईल. कुणीतरी कुठेतरी बसून म्हणेल, पाल्हाळ गाळा, आणि इथे खिडकीवर कुणाला पत्ता लागणार नाही. सार तसंच येईल, तीन ओळींत, नम्र.

शुक्रवारी साहेबांनी अहवाल पुढे केला. टाइप केलेला, एकच ओळ. 'सहायकाचे काम तपासले, योग्य आहे.' खाली तिच्या नावाची जागा.

"आता तरी करा सही. तुमचं म्हणणं पूर्ण झालं. अर्ज लागले मार्गी. ते टेबलही... मी बघतो."

आवकबाईने येताना शिक्का बरोबर आणला होता. पॅडवर दाबला आणि 'योग्य आहे' या शब्दांच्या पुढे, अगदी चिकटून, तारीख उमटवली. मग सही केली, आणि खाली, विश्वासू असतं त्या जागेच्या खाली, लिहिलं: 'ता.क. हे फक्त शिक्क्यातल्या तारखेपुरते.'

साहेबांनी वाचलं. "म्हणजे काय?"

"आज तपासलं, आज योग्य आहे. उद्याचं उद्या."

"रोज तपासणार?"

"रोज वीस अर्ज खालून वाचणार, त्याचं सार वरून वाचणार, जुळलं तर शिक्का."

"बाई, तुम्ही रेकॉर्ड रूमला..."

"खाली गेले तर तारीख कोण फिरवणार? कालची राहील साहेब. मी एकदा वाचायची थांबले, तर भिंत दहा दिवस पोटात ठेवली या कागदाने. माझ्या शिक्क्यासकट. मी त्याला सोडत नाही आणि मलाही सोडत नाही."

साहेब तिच्याकडे संशयाने बघत राहिले. तिच्या या बोलण्यात तिचा काय फायदा, हे ते शोधत होते. सापडलं नसावं. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि "बघू" म्हणाले. सरकारी ऑफिसात याचा अर्थ नाही असा नसेल तर हो असाच.

सोमवारी टेबल परत फाटकाशी आलं. डाव्या पायाखाली शिपाईमामाने घडी घातलेला कागद सरकवला होता. साहेबांची गाडी त्या दिवशी पुढच्या फाटकातून आली, थोडी थांबली, आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून परत मागून. पण एकदा तरी आली.

आवकबाईने टाचणीने चाक फिरवलं, रद्दीवर उमटवलं, खिडकी उघडली. ओढणी काढली. जावईबापू म्हणाला, "सुप्रभात. मी आपला सहायक."

"बघू संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली.

पहिला अर्ज शिपाईमामाच्या हातून आला, बाहेरून. अक्षर ओळखीचं, जरा जड, पावसाळी सर्दी. अर्जदार स्वतः अर्जबुवा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी. दिवे, गटारे, रस्ते, नम्र विनंती, आपला विश्वासू. तिने सवयीप्रमाणे खालून वाचला.

'ता.क. किल्ली माझ्याकडे कधीच नव्हती. ती आईच्या कमरेच्या पिशवीत आहे, धाकट्याच्या वस्तूंना कुणी हात लावू नये म्हणून. मी सांगितलं असतं तर म्हातारीने माझा डबा बंद केला असता. आता जेवण माझं मी करतो.'

आवकबाई कागदाकडे बघत राहिली. तिला सासूचे डास आठवले. अकरा वर्षांचे.

"काय आहे बाई?" शिपाईमामाने विचारलं. "काही निरोप द्यायचाय बाहेर?"

तिने शिक्का मारला, वहीत नंबर टाकला. कागद स्कॅनरमध्ये घातला. पडद्यावर आलं: 'तळटीप, कौटुंबिक किल्ली. संबंधित खाते आढळले नाही.'

"हे बरोबर सांगितलंस," ती जावईबापूला म्हणाली, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात, एकच शब्द लिहिला: 'घर.' कागद गठ्ठ्यात न ठेवता दुमडून पर्समध्ये टाकला. शिपाईमामाला म्हणाली, "त्यांना सांगा, अर्ज मिळाला. नंबर पडलाय."

"एवढंच?"

"टेबलाचा पाय आणखी ढिला झालाय असं दिसतंय. सुतार बघा म्हणावं." मग खिडकीबाहेर मान काढून रांगेला, "हां, पुढचे. कागद द्या. उलटा धरला तरी चालेल, मी खालूनच वाचते."